देव गेले, तळी राहिली

डिसेंबर उजाडला की पणजीतल्या घराघरांत पुण्या-मुंबईचे, बेळगावचे, कधी थेट इंदूर-बडोद्याचे नातेवाईक उतरू लागतात. पहिल्या दिवशी समुद्र, दुसऱ्या दिवशी जुने गोवे आणि मंगेशी-म्हार्दोळ, तिसऱ्या दिवशी पुन्हा समुद्र. चौथ्या दिवशी मुले कुरकुरतात, वडीलधाऱ्यांचे गुडघे बोलू लागतात आणि आता यांना कुठे न्यायचे, या विचाराने यजमानाच्या पोटात गोळा येतो. अशा चौथ्या दिवसासाठी माझ्याकडे एक ठरलेला उतारा आहे : करमळीचे तळे.

पणजीहून जुन्या गोव्याच्या रस्त्याने निघायचे, बॉम जेझसच्या बासिलिकेभोवतीची गर्दी मागे टाकायची आणि करमळी रेल्वे स्थानकाच्या दिशेने वळायचे. सगळे मिळून बारा-तेरा किलोमीटर. रेल्वेने येणाऱ्याला तर गाडीतून उतरल्या-उतरल्याच तळे भेटते. चढण नाही, उतरण नाही. कडेने रस्ता आहे, आजोबांना मध्येच थांबता येते, लहानग्यांना कडेवर घ्यावे लागत नाही. सकाळी साडेसहा-सातच्या सुमारास पोचावे. धुके विरत असते, दूरच्या माडांचे शेंडे आधी दिसतात, मग पाणी. सोबत थर्मासमध्ये चहा आणि जमल्यास एक दुर्बीण असावी. दुर्बीण नसली तरी काही बिघडत नाही, कान तर असतातच.

तळ्याचा विस्तार सुमारे ७० हेक्टरांचा, पण खोली फार नाही. पाण्यावर साळकांची पाने पसरलेली असतात आणि त्या पानांवरून लांब बोटांचा कमळपक्षी असा चालतो की मुले हमखास विचारतात, ‘तो बुडत कसा नाही?’ त्यांना पुढचे सांगावे : या पक्ष्यात अंडी घालून मादी निघून जाते, ती उबवायची आणि पिले सांभाळायची ती बापाने. (हे ऐकून आमच्या घरातल्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या, ते वेगळे.) काळ्या अंगाच्या आणि कपाळावर पांढरा टिळा असलेल्या पक्ष्याला मराठीत वारकरी म्हणतात. नाव ठेवणाऱ्याला दंडवत घालावासा वाटतो. शिट्टी वाजवत उडणाऱ्या अडई, जांभळ्या पाणकोंबड्या, इवलेसे काणूक बदक, आणि थंडीत उत्तरेकडून हजारो किलोमीटर पार करून आलेली तलवार बदके. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्यांचा मुक्काम.

पाहुणे खूश होतात. ‘काय निसर्ग आहे हो तुमच्या गोव्यात!’ असे म्हणतात. एकदा मात्र माझ्या भाचीने, वय वर्षे नऊ, वेगळेच विचारले. ‘मामा, हे तळे कुणी केले?’

खरे सांगायचे तर आजचा हा सगळा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे. कारण करमळीचे तळे कुणीतरी केलेले आहे, आणि केल्यानंतर शेकडो वर्षे दरवर्षी ते पुन्हा करावे लागले आहे.

तिसवाडीतल्या अशा तळ्यांचा क्रम समजून घेण्यासारखा आहे. जांभ्याची पठारे पाऊस पितात आणि पायथ्याशी झऱ्यांतून हळूहळू सोडतात. हे पाणी नदीच्या खाऱ्या पाण्यात मिसळून फुकट जाण्याआधी सखल जागी बांध घालून अडवायचे. बांधात एक दार. त्याला आपल्याकडे मानस म्हणतात. पाऊस ओसरू लागला की मानशीच्या फळ्या बसवायच्या. तळे भरलेले राहते. मग बांधाखालच्या शेतांत वायंगण, म्हणजे हिवाळ्यातले दुसरे भात लावायचे आणि मानस थोडी थोडी उघडून त्याला पाणी पाजायचे. मार्चच्या आसपास वायंगण कापले की तळ्यातही पाणी उतरलेले असते. मे महिन्यात उरलेले पाणी सोडायचे आणि तळ्यातली मासळी धरायची. ती कुणी धरायची याची आधी पावणी होते, म्हणजे लिलाव. उघड्या पडलेल्या तळातला काळा गाळ खत म्हणून शेतात न्यायचा. मृगाचा पाऊस येतो तेव्हा तळे रिकामे, स्वच्छ आणि पुन्हा भरायला तयार.

आता त्या पक्ष्यांकडे पुन्हा पाहा. बदकांना हवे असते उथळ पाणी. ते का उथळ असते? कारण ते शेताला दिले जाते. बगळ्यांना आणि करकोच्यांना हवा असतो ओला चिखल, त्यातले गोगलगायींचे शंख आणि छोटी मासळी. तो का मिळतो? कारण तळे आटवले जाते. साळके आणि गवत तळे गिळून का टाकत नाहीत? कारण दरवर्षी गाळ निघतो. पाहुण्यांनी ज्याला निसर्ग म्हटले ते भाताचे वेळापत्रक आहे, आणि पक्षी त्या वेळापत्रकावर पोट भरतात.

हे वेळापत्रक राजाचे नव्हते. ते होते गावकरीचे.

गावकरी म्हणजे गावाची जमीन सामाईक मालकीने सांभाळणारी संस्था. पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद हे नाव दिले. १५१० साली आफोंसो द आल्बुकेर्कने आदिलशहाकडून हे बेट जिंकले, तेव्हा नव्या राज्यकर्त्यांपुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो साऱ्याचा. सारा कोण देतो, कशाच्या आधारे देतो, जमीन कुणाची? चौकशी करून आफोंसो मेशिया याने १६ सप्टेंबर १५२६ रोजी या गावांचे रीतिरिवाज लिहून काढले. हाच तो प्रसिद्ध ‘फोराल’. कायदा म्हणून पोर्तुगीजांनी तो जारी केला खरा, पण त्यातला मजकूर त्यांचा नाही. इथे जे आधीपासून चालत होते त्याची ती नोंद आहे. फार पूर्वी चार माणसे ओसाड बेटावर आली, त्यांनी जमीन लागवडीखाली आणली, त्यांची भरभराट झाली आणि त्यांना गावकर म्हणू लागले, अशी गावांची जन्मकथाच फोराल सुरुवातीला सांगतो. राजाने जमीन दिली असे तो म्हणत नाही. माणसांनी जमीन केली, असे म्हणतो. गोव्यासारख्या प्रदेशात हे शब्दशः खरे आहे. खाजने काय, तळी काय, बांध घातल्याशिवाय इथे जमीनच नसते. नुसता चिखल असतो किंवा नुसते पाणी.

त्याच फोरालात ताळगावाला भाताची कापणी सर्वांत आधी सुरू करण्याचा मान दिलेला आहे. ताळगावात ऑगस्टमध्ये कणसांचे फेस्त साजरे होते तेव्हा मला हे कलम आठवते. धर्म बदलला, कणीस देवळाऐवजी चर्चमध्ये गेले, पण आधी कुणी कापायचे ते ठरलेलेच राहिले.

गावकरीचा कारभार साधा होता आणि कडकही. शेते ठराविक मुदतीने लिलावात कसायला द्यायची. आलेल्या पैशातून आधी सरकारचा सारा, मग बांध-मानशींची डागडुजी, गावच्या नोकरांचे आणि देवस्थानाचे खर्च. हे सगळे भागून जे उरेल ते गावकरांत वाटायचे, त्याला जोण म्हणतात. क्रम लक्षात घ्या. बांधाची दुरुस्ती आधी, नफा नंतर. बांध फुटला तर जोण कसली! कुणाच्या चांगुलपणावर काही सोडलेलेच नव्हते. यात गावकरांखेरीज इतरांना, विशेषतः प्रत्यक्ष चिखलात उतरणाऱ्यांना, काय मिळत असे हा प्रश्न अर्थातच उरतो, आणि तो छोटा नाही. त्याच्याकडे येतोच.

करमळी हा तिसवाडीतला जुना गाव. या गावी ब्रह्मदेवाचे देऊळ होते. ब्रह्मदेवाची देवळे भारतात बोटांवर मोजण्याएवढी, त्यातले एक इथे, याच तळ्याच्या गावी. १५४० साली तिसवाडीतली देवळे पाडण्याचा सपाटा सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळवण्यात आले. त्या शतकात करमळीच्या ब्रह्मदेवाची मूर्ती भक्तांनी उचलली आणि पोर्तुगीज अमलाबाहेर, सत्तरीच्या रानात नेली. कदंबकालीन पाषाणमूर्ती ती, हलकी नव्हे. नदीने, होडीने, डोंगरवाटेने कशी नेली असेल याची कल्पनाच करावी. वाळपईजवळ नगरगावच्या परिसरात ती आजही पूजेत आहे. गंमत अशी की देवाने जाताना गावाचे नावही सोबत नेले. त्या जागेला ब्रह्मकरमळी म्हणतात.

देव गेला, नाव गेले. तळे मात्र नेता येत नाही.

असेच एक पाणी दिवाडी बेटावर आहे आणि करमळीची सकाळ संपल्यावर तिथे जाणे अगदी सोपे. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसायचे, मुलांना ती सफर समुद्रापेक्षाही आवडते. दिवाडीच्या नार्वे भागात कोटीतीर्थाची तळी आहे. चिरेबंदी, पायऱ्यांची, भिंतींत छोटी छोटी देवकोष्ठे असलेली. कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर इथला. आपण सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाने राज्य करतो असे ते आपल्या नाण्यांवर कोरत असत. बहामनींच्या धाडीत देऊळ पडले, चौदाव्या शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधवमंत्र्याने पुन्हा उभारले, १५६० साली पोर्तुगीजांनी पुन्हा पाडले. लिंग नदीपलीकडे डिचोली महालात नेले गेले आणि तिथल्या गावालाही नार्वे हेच नाव. १६६८ साली शिवाजीमहाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करवला, तसा शिलालेख तिथे आहे. २०२३ साली त्या वास्तूचे पुन्हा नूतनीकरण झाले आणि तेव्हापासून तिथे पर्यटकांची वर्दळ वाढली. अलीकडच्या तीरावरची तळी मात्र बहुतेक वेळा एकटी असते. तिच्या पायऱ्यांवर बसून डबा खावा. आमच्या पाहुण्यांपैकी एक काकू तिथे काहीही न बोलता बराच वेळ बसून राहिल्या होत्या.

परत करमळीकडे. देव गेल्यावर गावात जे राहिले त्यांतले बहुतेक बाटले. आडनावे बदलली. पण गावकर हे गावकरच राहिले. नव्या नावांनी, नव्या धर्मात त्यांनी तीच सभा भरवली, तीच पावणी घेतली, त्याच मानशीच्या फळ्या त्याच दिवसांत बसवल्या आणि काढल्या. धर्मांतराचा इतिहास लिहिताना आपण काय मोडले त्याची यादी करतो आणि ती करायलाच हवी, ते दुःख खोटे नाही. पण करमळीच्या काठी उभे राहिले की जे मोडले नाही तेही दिसते. ख्रिस्ती गावकराने सांभाळलेल्या त्या बांधामागे त्याच्या हिंदू पणजोबाचे पाणी होते.

याच्या अगदी शेजारी एक मोठे शहर होते, हे विसरता कामा नये. जुने गोवे ऐन भरात असताना, १५८०च्या दशकात, डच प्रवासी लिन्सखोटेन तिथे राहिला होता. शहराला प्यायचे चांगले पाणी बायंगिणीच्या झऱ्यावरून येई, गुलाम ते घड्यांतून आणून विकत, असे त्याने लिहून ठेवले आहे. एवढी मोठी राजधानी, एवढे व्हाइसरॉय, एवढे कॅथीड्रल, आणि पाणी गुलामाच्या डोक्यावर! पुढे साथींनी शहर पोखरले, दूषित विहिरी हे त्यामागचे एक कारण मानले जाते. व्यापार तर आधीच डचांनी तोडला होता. १७५९ साली व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीला हलवला, १८४३ साली पणजी रीतसर राजधानी झाली आणि जुन्या गोव्यात चर्चेस आणि माड उरले. तिथून हाकेच्या अंतरावर करमळीचे भात मात्र पिकत होते.

गावकरीला खरा तडा गेला तो मुक्तीनंतर. म्हणजे आधीही पोर्तुगीज सरकारने संहितांवर संहिता लादून तिच्या अंगातला जीव बराच शोषला होता, शेवटची संहिता तर १९६१चीच. पण १९६४ साली कूळ कायदा आला, १९७६च्या दुरुस्तीने कूळ जमिनीचे मालक मानले गेले. हे व्हायलाच हवे होते. पिढ्यान्‌पिढ्या गुडघाभर चिखलात राबणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळाला. गावकरीचे गोडवे गाणाऱ्या काही मंडळींना हा भाग आठवत नाही, मला तो आठवतो. पण कायद्याने शेताचे तुकडे वाटले तशी मानस वाटता येत नाही. तिची देखभाल कुणी करायची? कायद्याने कुळांचे संघ उभे केले, काही गावांत ते नेटाने चालले, अनेक गावांत कागदावर राहिले. दरम्यान शेतकऱ्यांची मुले मुंबईला, आखातात, बोटीवर गेली. नारळाच्या झावळ्या विणायला माणूस मिळेना, तिथे गाळ उपसायला कुठून मिळणार? वायंगणाची शेते पडीक पडू लागली. शेत पडीक म्हणजे पाणी नको. पाणी नको म्हणजे मानस उघडायची गरज नाही. मानस उघडली नाही की गाळ बसतो, परक्या पाणवनस्पती वाढतात, तळे उथळ होत होत दलदल होते आणि दलदलीवर भराव टाकायला फारसे धाडस लागत नाही.

नव्वदच्या दशकात कोकण रेल्वे आली. तिच्या गोव्यातल्या मार्गावरून मोठे आंदोलन झाले, मार्ग आत डोंगराच्या बाजूने न्यावा अशी मागणी होती. चौकशी आयोग बसला, वाद झडले, पण मार्ग किनारपट्टीच्या भागातूनच गेला. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग वाहतुकीला खुला झाला. आज गाडी तळ्याच्या कडेने धडधडत जाते. पहिल्यांदा ऐकताना दचकायला होते, बदके मात्र सरावलेली दिसतात. मुंबईहून येणाऱ्या कित्येकांना गोव्याचे पहिले दर्शन या तळ्याचेच होते, हेही नाकारू नये. पण खिडकीतून सुंदर दिसणारे हिरवे आवरण पाण्यावर किती पसरले आहे, हे काठावरून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आता थोडे दक्षिणेला. कुडचड्याचे नंदा तळे २०२२ साली रामसर यादीत आले. गोव्यातले असे पहिलेच स्थळ, क्षेत्र ४२ हेक्टर. आम्हा सगळ्यांना अभिमान वाटला. या तळ्याचे पाणी पावसाळ्यानंतर साठवून ठेवतात आणि खालच्या बाजूच्या भातशेतीला वापरतात, हे रामसरच्या वर्णनातच नमूद आहे. म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून ज्याचा गौरव झाला तीही शेतकऱ्याने राखलेलीच. फलक लावताना पक्ष्यांची चित्रे लावतात. एक चित्र मानशीचेही असायला हवे होते, असे मला वाटते. फळ्या कशा बसतात, पाणी कोणत्या महिन्यात सुटते, हे मुलांना दाखवणारे.

संध्याकाळी पणजीला परतताना अजून दम असेल तर सांताक्रूझला, म्हणजे जुन्या काळापूरला, बोंडवल तळ्यावर उतरावे. शहराला जवळजवळ लागूनच आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला शेते, आणि उजेड कमी होऊ लागला की खंड्याची शेवटची झेप. वरच्या टेकड्यांवर इमारतींची भूक केव्हाचीच पोचलेली आहे. गावाने त्याविरुद्ध आवाज उठवला, अजून उठवतो. टेकडी सिमेंटने झाकली तर झरा आटेल, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवावे लागले नाही.

भाचीला त्या दिवशी मी बांधावरच बसवून हे सगळे सांगू लागलो होतो. चार माणसे, ओसाड बेट, बांध, दार. तिने मध्येच थांबवून विचारले, ‘मग आता ते दार कोण उघडतो?’